मुरमातला हात

साखरबाई घाबरट होती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण माणूस गेलं की त्याला शूर करून ठेवायची आपल्याकडं वाईट खोड आहे. साखरबाई जाऊन आता वर्ष होत आलं, आणि परवा बारामतीत कुणीतरी भाषणात तिला ‘रणरागिणी’ म्हणालं. मी मागच्या रांगेतून उठून बाहेर गेले. रणरागिणी कसली! पोलिसाची टोपी दिसली तरी ती पलीकडच्या बाजूनं जायची. कॉलेजचा हेडक्लार्क नुसता खाकरला तरी हिच्या हातातली बरणी डुचमळायची. जे केलं ते तिनं घाबरत घाबरत केलं, आणि त्यातच सगळं आलं.

मेंढपाळाची लेक. इंदापूरच्या माळावर जन्मली, चौथीपर्यंत शिकली, दिवाळी झाली की बापाच्या मेंढरांमागं घाट उतरून खाली कोकणात जायची. लग्न बारामतीत झालं, कॉलेजातल्या शिपायाशी. तो चौऱ्याऐंशी साली काविळीनं गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. पहिल्या दिवशी कुलूप उघडलं तर समोर माणसाचा अख्खा सापळा टांगलेला. साखरबाई किल्ल्या तिथंच टाकून पळाली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी विभागाचे मोहनराव सर स्वतः घरी गेले आणि म्हणाले, “बाई, तो तुम्हाला काही करणार नाही. करायचं असतं तर वीस वर्षांत मला केलं असतं.”

हे मोहनराव सर विचित्र माणूस. शिपायाला शिकवणारा प्रोफेसर मी तरी दुसरा पाहिला नाही. एकदा त्यांनी टेबलावर ओळीनं हाडं मांडली होती, पोरांना दाखवायला. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, घोरपडीचा पंजा, मेंढीचा पुढचा पाय. साखरबाई फडकं मारत होती. मेंढीच्या नळीवर तिचा हात थांबला.

“सर, हे एक हाड न्हाय. दोन हायेत.”

“कशावरून?”

“ह्या मधल्या चिरीवरनं. रस्सा खाताना फोडलं की आतपण पडदा आसतो. दोन हाडं चिकटून एक झाल्यात. पर मग मेंढीची बाकीची तीन बोटं कुठं गेली?”

सर खुर्चीवर बसले. ते मला नंतर म्हणाले, “सुकन्याताई, वीस वर्षं मी हा प्रश्न पोरांच्या तोंडून काढायचा प्रयत्न करत होतो.” त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास तिची शिकवणी. मेंढीची तीन बोटं हळूहळू आक्रसत कशी गेली, दोनच उरली, त्यांचे खूर झाले. वटवाघळाचा पंख म्हणजे लांब झालेली बोटंच, कावळ्याच्या पंखाशी त्याचा काही संबंध नाही. दोघं उडतात म्हणून ते भाऊ होत नाहीत.

पण नातं लावायचं कशावरून? हे मात्र साखरबाईनंच मला समजावलं, आणि ते असं की मी अजून विसरले नाही. म्हणाली, “ताई, आमच्या बापाच्या मेंढरात दोनशे डोकी. सगळ्यास्नी चार पाय. मग चार पायावरनं कोन कुनाचं ह्ये कळंल का? न्हाय. चार पाय म्हंजे लय जुनी गोष्ट, सगळ्यांच्या पणजीचीच. पर एका मेंढीला दुमडल्या कानाचं कोकरू झालं. नवंच. मग पुढं चार पिढ्यांनंतर जिथं जिथं दुमडका कान दिसंल, ते त्या कोकराच्या वंशातलं. सर म्हनत्यात शास्त्र ह्येच करतंय. जुनं सारखंपण सोडून द्यायचं, नवं काय निघालं आन ते कुनाकुनात हाय ते बगायचं. आता तर म्हनं रक्तातली अक्षरं वाचून बगत्यात हैद्राबादला. पर रीत तीच. दुमडका कान हुडकायचा.”

एवढं सगळं सांगून झाल्यावर लगेच, “कुनाला सांगू नका हां, क्लार्क म्हनल बाई शानी झाली.”

आता मूळ गोष्ट.

साखरबाईचा धाकटा भाऊ भिमा. निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहायचा, मेंढरं कधीच विकलेली, दोन एकर डाळिंब. घरात म्हातारी आई छबूबाई आणि बायको अनिता. शहाण्णवच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अनिता घरातून नाहीशी झाली. भिमा म्हणाला, भांडून गेली. कुठं गेली? ठाऊक नाही. माहेरी नाही, पाहुण्यांत नाही. तिची आई मुक्ताबाई माझ्याकडं इंदापूरला आमच्या महिला संघटनेत आली, तिनं नुसतं रडणं केलं आणि अर्ज मी लिहिला. ‘माझ्या मुलीचा घात झाल्याचा संशय आहे, जावयास अटक व्हावी.’ ते शब्द माझे होते. असे अर्ज मी पुष्कळ लिहिले होते आणि त्यातले पुष्कळ खरे निघाले होते. म्हणून माझा हात जरा सैल झाला होता, असं आता वाटतं.

चार महिने पोलिसांनी काही केलं नाही. मग मे महिन्यात, एका मंगळवारी, रस्त्याच्या कामासाठी भिमाच्या बांधालगत मुरूम काढत होते. गेणू नावाच्या मजुराचं फावडं कशाला तरी अडकलं. त्यानं ओढलं तर हात. मनगटापासून पुढं, पाचही बोटं, वाळलेल्या शिरांनी एकमेकांना धरून राहिलेली. नखं नाहीत. गेणू फावडं टाकून जो पळाला तो वस्तीपर्यंत ओरडत गेला.

दुपारपर्यंत भिमा चौकीत होता. डॉक्टरनं हात फडक्यावर ठेवून बघितला आणि म्हणाला, माणसाचाच दिसतोय, पुण्याला पाठवा, अहवाल यायला महिना लागेल. तोवर मुक्ताबाईनं त्या हाडांवर लोळण घेतलेली होती. “माझ्या अनूचाच हात, मी आई हाय, मला कळत न्हाय व्हय?” आणि वस्तीवर दूध डेअरीचे चेअरमन दादासो यांनी पारावर उभं राहून जाहीर केलं होतं की महिना कुणी थांबणार नाही. सूर्य मावळायच्या आत भिमाचं घर पेटणार. म्हातारीला बाहेर काढतील का, असं कुणीतरी विचारलं. त्यावर लोक काठ्या शोधायला लागले.

हे सगळं मला फोनवर कळलं तेव्हा मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. म्हटलं, बघा, अर्ज खरा निघाला.

तीनच्या सुमाराला साखरबाई माझ्या दारात. निरोप मिळताच बारामतीहून वडापच्या, सीट भरून नेणाऱ्या जीपमधून आलेली, घामानं चिंब, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. ओठ पांढरे पडलेले.

“ताई, मला तो हात बगायचाय. पोलीस मला आत सोडनार न्हाईत. तुमी चला.”

“भावाला सोडवायला आलीस?” मी दारातूनच विचारलं. चांगलं वाटत नाही, पण असंच विचारलं.

“न्हाय.” तिनं मान हलवली. “त्यानं केलंय का न्हाय ह्येच मला ठावं न्हाय. म्हनून आली.”

टॉवेलात काय आहे म्हणून मी उघडलं तर फळीवर तारेनं बसवलेला माणसाचा हात. प्रयोगशाळेतला. न विचारता आणलेला. ज्या बाईला हेडक्लार्कच्या खोकल्यानं घाम फुटायचा तिनं कॉलेजची वस्तू चोरून आणली होती. मी चपला घातल्या.

जीपमध्ये ती मला चिकटून बसली होती. निमगावच्या जवळ आल्यावर हळूच म्हणाली, “ताई, एक सांगू का? कुनाला सांगितलं न्हाय आजवर. दोन वर्षामागं अनिताची उजवी करंगळी मोडली. भिमा म्हनला दारात सापडली. मीच लिंबाच्या काड्या लावून बांधली हुती. मोडलेलं हाड जुळलं की तितं गाठ येती, जाडजूड. मेंढराची टांग मोडली की येती ना तशी. त्या हातावर ती गाठ आसली तर...”

“तर?”

तिनं टॉवेल छातीशी इतका आवळून धरला की आतली फळी करकरली.

चौकीपुढं शंभरेक माणसं असतील. काठ्या होत्या, रॉकेलचा डबा एका सायकलला अडकवलेला मी स्वतः पाहिला. साखरबाईला ओळखून कुणीतरी ओरडलं, “आली बगा बहीण, हाडकं गिळायला!” दुसरा म्हणाला, “कालिजातली डॉक्टरीन हाय ती, बेडकांची!” लोक हसले. ते हसणं मला ओरडण्यापेक्षा जास्त भ्यायला लावणारं वाटलं. मी सगळ्यांच्या अंगावर ओरडत वाट काढली. ओरडणं मला जमतं, ते माझं कामच आहे.

आत फौजदार, नवा पोरगेला माणूस, बाहेरच्या गर्दीकडं बघत सारखा रुमालानं मान पुसत होता. चारच शिपाई होते त्याच्याकडं. टेबलावर फडक्यात तो हात. कोपऱ्यात मुक्ताबाई भिंतीला टेकून बसलेली, आवाज संपलेली. दादासो खुर्चीत, मांडीवर नात राजनंदिनी, तीन वर्षांची, बिस्किट खात. अशा जागी पोर कशाला आणलं म्हणून विचारलं तर म्हणाले, “माज्याशिवाय ऱ्हात न्हाय ओ.” मागं गजांच्या खोलीत भिमा. त्यानं ‘आक्का’ म्हणून हाक मारली. साखरबाईनं तिकडं बघितलं नाही.

मी फौजदाराला म्हटलं, “साहेब, ही बाई बारा वर्षं हाडांचं काम करते. महिना थांबायचं नसेल तर पाच मिनिटं थांबा.” त्याला तरी काय, गर्दीला काहीतरी सांगायला हवंच होतं. त्यानं मान हलवली.

साखरबाई टेबलाजवळ गेली. आपली फळी शेजारी ठेवली. दोन्ही हात मागं लपवून नुसतीच बघत राहिली. तिच्या पदराचं टोक हलत होतं आणि खोलीत पंखा बंद होता.

आधी तिनं मनगट बघितलं. “उजवा हाय,” म्हणाली. मग नजर बाहेरच्या बोटावर गेली, आणि मी तिचा चेहरा पाहिला. करंगळीच्या मुळातलं हाड जाड होतं. मला, ज्या बाईला हाडातलं काही कळत नाही, तिलासुद्धा दिसलं. बाकीच्या हाडांपेक्षा जाड.

साखरबाईनं टेबलाची कड धरली. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, कोकराचा यावा तसा.

“काय झालं? बोल की!” दादासो ओरडले.

“अनिताची...” ती म्हणाली. “अनिताची करंगळी मोडलेली हुती. उजवी. ही जाड हाय.”

मुक्ताबाई किंचाळली. बाहेर ते ऐकू गेलं आणि दारावर धक्के सुरू झाले. गजाच्या आतून भिमा ओरडला, “आक्का, दारात सापडली हुती गं! सांग ना, दारात!”

तेव्हा साखरबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “दारात न्हाय. तू मोडलीस. तिनं मला रातभर सांगितलं, मी गप बसली.”

मी पिशवीतून कागद काढला होता, पुढचा अर्ज मनात तयार झालाच होता. म्हटलं संपलं.

पण साखरबाईचं संपलं नव्हतं. ती परत वाकली. एवढं थरथरत असताना वाकली. का वाकली असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “सर म्हनायचे, एका खुणेवर नातं लावणारा पाहुण्यात भांडणं लावतो. सगळ्या खुणा बगायच्या, आन जी आपल्याला पायजे ती सगळ्यात शेवटाला बगायची. मी पयल्यांदाच बगितली हुती ना.”

तिनं बोट लावलं. जाड हाडावरून वरून खाली. परत वरून खाली.

“गाठ न्हाय,” स्वतःशीच म्हणाली.

“मोठ्यानं बोला बाई,” फौजदार म्हणाला.

“गाठ एका जागी आसती साहेब. हे हाड हितपासनं तितपर्यंत जाड हाय. जन्माचंच जाड.” मग तिचं बोट आतल्या बाजूला सरकलं, अंगठ्यावर. “आन हा बगा. हा सगळ्यात बारका. आपला अंगठा कसा आसतो?” तिनं फळीवरचा हात पुढं ओढला. “आपला अंगठा ओळीत न्हाय बसत. बाजूला जातो, बाकीच्या बोटांसमोर येतो. त्याच्या बुडाला खोगिरागत खोबण आसती, म्हनून तर सुई धरता येती, विळा धरता येतो. ह्यो तर बाकीच्या चौघांबरुबर रांगेत हुबा हाय. ह्यो हात काय धरू शकत न्हाय. ह्यो चालनारा हात हाय.”

“चालनारा हात म्हंजे?” दादासो म्हणाले. “डोकं फिरलं काय हिचं?”

“पाय म्हना मग.” तिनं तळहाताच्या हाडांची टोकं उलटी केली. “आपल्यात ही टोकं गोल गुळगुळीत, गोटीसारखी. ह्यात मधोमध धार हाय बगा, नांगराच्या फाळागत. ह्यावर बोट दाबून जनावर चालतंय, बोट हिकडं तिकडं घसरू नये म्हनून.”

“पण पाच बोटं आहेत की!” फौजदार. “डॉक्टरसुद्धा म्हणाले माणसाचा.”

“पाच बोटं घोरपडीलापण हायेत साहेब. पाच बोटं लय जुनी. माणसाच्या, अस्वलाच्या, घोरपडीच्या, सगळ्यांच्या आधीच्या पणजीची. त्यावरनं आपला सख्खा कोन ह्ये कळत न्हाय. जुन्या सारखेपणानं डॉक्टर फसले. माणसात नवं काय निघालं? बाजूला जानारा अंगठा. तोच हितं न्हाय.”

“मग काय आहे हे?”

साखरबाईनं दाराकडं बघितलं. मला वाटलं आता घाबरून माघार घेणार. “अस्वल,” म्हणाली.

दादासो खदखदा हसले. “इंदापूर तालुक्यात अस्वल! अगं बाई, हितं वाघाची मावशी सोडून काय न्हाय. भावासाठी अस्वल काढलंस व्हय बारामतीवरनं?” मुक्ताबाई उठली आणि कुणी धरायच्या आत तिनं साखरबाईच्या तोंडात मारली. “माझी लेक खाल्ली तुमी भावा-भणींनी, आता तिला जनावर म्हनतीस!”

साखरबाईनं गालाला हातसुद्धा लावला नाही. ती दादासोंच्या मांडीकडं बघत होती. राजनंदिनीच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्याला काहीतरी वाकडं, काळं, बोटाएवढं.

आता आमच्याकडची रीत सांगते. पोर दचकून उठायला लागलं, रडायला लागलं, की त्याला दरवेशाच्या अस्वलावर बसवायचं. अस्वलाचा केस ताईतात घालायचा. आणि नख मिळालं तर मग विचारूच नका, भीती जन्मात फिरकत नाही म्हणतात. दरवेशी दर साल दिवाळीच्या सुमाराला यायचा. आदल्या दिवाळीला त्याचं अस्वल वस्तीजवळ मेलं. दरवेशी रडत रडत कातडं सोडवत होता आणि वस्तीतले लोक रांग लावून नखं घेत होते. नखं नीट निघावीत म्हणून त्यानं पंजे मनगटापासून तोडले. आणि हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं! पण तेव्हाच कुणीतरी सांगितलं की जंगली जनावराचं नख ठेवलं तर जंगल खात्याची केस होते. झालं. सगळ्यांनी तोंडं शिवली. नखं पोरांच्या गळ्यात झग्याखाली, आणि दरवेशी आला होता का, तर छे, कुठला दरवेशी? सात महिन्यांत गोष्ट इतकी पुरली गेली की मुरमातून पंजा वर आला तेव्हा एकाच्याही डोक्यात अस्वल आलं नाही. आलं असेल तर तोंडातून आलं नाही. एक माणूस फासावर जाईना का, आपल्यावर केस नको. शिकलेल्यांना आमच्या गावाची भीती कळत नाही ती अशी असते.

“दादासो,” साखरबाई म्हणाली, आणि आवाज इतका बारीक की मीच पुढं झुकले, “ते तेवडं नख देता का? फकस्त लावून बगते. परत देते.”

दादासोंचा हात पोरीच्या गळ्यावर गेला. “कसलं नख? खेळणं हाय जत्रेतलं.”

“देवा शपथ परत देते.”

“न्हाय म्हनलं ना!”

मी तोंड उघडलं होतं, पण फौजदारच पुढं झाला. पोरगेला असला तरी त्याला दादासोंच्या कपाळावरचा घाम दिसला असावा. “चेअरमन, दोरा सोडा. आत्ता.”

पोर रडायला लागली. दोरा निघाला. साखरबाईनं ते नख पदरानं पुसलं. नखाच्या बुडाला आतलं हाड तसंच होतं, शेवटचं पेर. लपवाछपवीचं काम, चांदीत मढवलं नव्हतं, बरं झालं. तिनं पंज्याची बोटं एकेक करून बघितली. पहिल्याला लावलं, बसेना. दुसऱ्याला लावलं, हलत राहिलं. बाहेर काच फुटली. तिसऱ्या बोटाला लावलं आणि ते बसलं. पेराच्या खोबणीत पेर, दोन बाजूंच्या कडा एकमेकांत, जसं काही कधी सुटलंच नव्हतं. तिनं हात काढून घेतला तरी नख पडलं नाही.

आता टेबलावर बाईचा हात नव्हता. लांब वाकड्या नखाचं एक बोट बाहेर आलेला पंजा होता.

राजनंदिनी रडायची थांबली आणि म्हणाली, “अश्वल.”

दादासोंना बाहेर जाऊन सांगावं लागलं. फौजदारानंच पाठवलं, शेजारी स्वतः उभा राहून. काय काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण गर्दी पांगताना मी खिडकीतून पाहिलं, निम्म्या बाया पोरांच्या गळ्यातले दोरे पदराखाली ढकलत होत्या. सायकलवाला रॉकेलचा डबा घेऊन सगळ्यात आधी गेला.

भिमाला संध्याकाळी सोडलं. आणि तेव्हा मुक्ताबाईनं एकच विचारलं, “मग माझी लेक कुठं हाय?” फौजदारानं कागद आवरायला घेतले. पोलिसांचा तर त्या दिवशी जीवच हलका झाला होता. पंजा अस्वलाचा म्हणजे खून नाही, खून नाही म्हणजे काम नाही. साखरबाई मात्र जीपमध्ये बसल्यावर हुंदके देऊन रडली. मला वाटलं, भाऊ सुटला म्हणून. ती म्हणाली, “ताई, हा हात तिचा न्हाय, एवढंच कळलं. दुसरीकडं तिचा नसंल कशावरनं?”

ती बारा दिवस जेवली नाही धड. मी दोनदा गेले. प्रयोगशाळेत बरण्या पुसत असायची आणि दाराकडं बघत असायची.

तेराव्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी अनिता उभी होती.

बारामती एमआयडीसीत एका दूध कारखान्यात कॅन धुवायला लागली होती, संक्रांतीपासून. एका विधवेच्या खोलीत राहायची, नाव आईचं सांगितलेलं. निमगावकडून मोटरसायकलवर येणाऱ्या एका कामगारानं जेवणाच्या सुट्टीत अस्वलाच्या पंज्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि आपण मेल्याची बातमी तिनं कॅन घासत घासत ऐकली. एवढ्यावरही ती आली नसती. पण त्यानं पुढं सांगितलं की बहिणीनं सगळ्यांसमोर म्हटलं, करंगळी दारात सापडली नव्हती, भावानं मोडली होती. “तेव्हा म्हनलं, एक माणूस हाय जिला खरं सांगावं,” अनिता म्हणाली. “वन्सं, मी परत जानार न्हाय. त्येला सांगू नका. आईला तेवडं कळवा, मी जिती हाय.”

मुक्ताबाईला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिनं माझे पाय धरले. माझे कशाला? मी तिला म्हटलं, ज्या गालावर मारलंस त्या गालाकडं जा. ती गेली की नाही, मला माहीत नाही.

बातमी किती दिवस लपणार? छबूबाईच्या कानावर गेली, तिथून भिमाच्या. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी प्रयोगशाळेत बसले होते आणि तो आला. दारू प्यायलेला नव्हता. तेच मला जास्त वाईट वाटलं. शांत होता. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

“आक्का, अनिता कुठं हाय?”

साखरबाईच्या हातात रिकामी बरणी होती. तिनं ती खाली ठेवली.

“जिती हाय.”

“ते कळलं. कुठं हाय?”

“न्हाय सांगनार.”

“तू माजा जीव वाचवलास. सगळ्या गावासमोर. मग आता माजी बायकू मला दे की.”

“मी तुजा जीव वाचवला न्हाय, भिमा.” तिचे दात एकमेकांवर आपटत होते, मला ऐकू येत होते. “अस्वलाचं हाड हुतं म्हनून अस्वलाचं म्हनलं. तिचं आसतं तर तिचं म्हनलं आसतं. फासावर गेला आसतास तरी.”

मी उठून उभी राहिले, हाताशी जी काय लोखंडी पकड होती ती घेऊन. पण तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. एक पाऊल आत टाकलं त्यानं. साखरबाई मागं सरली नाही. सरता येत नव्हतं तिला, मागं तो सापळा टांगलेला होता.

“आई मरंल तुज्या आठवणीनं,” तो म्हणाला. “वस्तीवर येऊ नकोस परत.”

“न्हाय येत.”

तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली, मग पटांगणात, मग नाही. मी पकड टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “गेला.”

“ताई,” ती म्हणाली, “कडी लावता का? माझ्यानं हात उचलवत न्हाय.”

मी कडी लावली. साखरबाई दाराला पाठ लावून जमिनीवर बसली आणि भर दुपारी दार बंद का म्हणून हेडक्लार्क चौकशीला वर येईपर्यंत तिथून उठली नाही.